जांभ्याच्या जुन्या घरात नेट मागच्या खोलीपर्यंत कसं न्यायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर कळेल. राजापूरजवळ पणजोबांनी बांधलेलं जांभ्याचं कौलारू घर. मुंबईची नोकरी ठेवून तुम्ही गावी राहायला आलात. फायबर आला आणि बसवणाऱ्याने ओएनटी, म्हणजे फायबरची लाइन जिथे संपते तो कंपनीचा वायफायचा डबा, ओटीवर, मीटरच्या बाजूला लावून दिला. ओटीवर १०० एमबीपीएस मिळतात. तुम्ही कामाला बसता ती खोली माजघराच्या पलीकडे. तिथे दोन-तीन एमबीपीएस येतात आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, लावून पाहिला. फोनवरच्या काड्या भरल्या, पण आवाज तुटायचा थांबला नाही. आता तीन डब्यांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे, घ्यावा का, असं विचारता. पुढेमागे आवारातल्या मांगरातही, म्हणजे वेगळ्या बांधलेल्या खोपटातही, नेट हवं आहे. सगळं स्वतः करायची तयारी आहे, फक्त काकांनी बजावलंय की भिंतीला भोक पाडायचं नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात केबल ओढायचं काम मी बरीच वर्षं करतो. शाळा, पतसंस्था, होमस्टे आणि अशीच जुनी घरं. माझं मत आधीच सांगतो: मेश संच आत्ता घेऊ नका. तुमच्या घराला एक तांब्याची लॅन केबल, एक साधा ॲक्सेस पॉइंट (केबलीतून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा) आणि नीट अर्थिंग लागेल. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुम्ही स्वतः करू शकता. तिसरी स्वतः करू नका.

पण खरेदीच्या आधी एक तपासणी करा, कारण ‘नेट स्लो आहे’ या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. एक बाहेरून येणाऱ्या लाइनचं आणि दुसरं घरातल्या वायफायचं. लॅपटॉप मागच्या खोलीत ठेवा, कमांडच्या दोन खिडक्या उघडा आणि दोन्हींत पिंग (एखाद्या पत्त्यावरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) सतत चालू ठेवा. एकीत ओएनटीचा पत्ता द्यायचा, तो बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, पण डब्याखालच्या लेबलवर बघून घ्या. दुसरीत ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलचा पत्ता. मग नेहमीसारखी मीटिंग करा. आवाज तुटतो त्या क्षणी पहिल्या खिडकीतले आकडे पाच-दहा मिलिसेकंदांवरून दोनशे-पाचशेवर उडत असतील किंवा उत्तरच येत नसेल, तर दोष घरातल्या घरात आहे. पहिली खिडकी शांत आणि दुसरीच अडखळत असेल, तर तुम्ही घरात सोन्याची केबल टाकलीत तरी उपयोग नाही. तेव्हा ब्राउझरमध्ये ओएनटीचा पत्ता टाकून त्याच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे लाइनमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. जीपीऑन लाइनवर (घरगुती फायबरची नेहमीची पद्धत) तो आकडा उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आसपास असला तर ठीक. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर लाइन कुठेतरी दुमडली आहे, जोड खराब आहे किंवा माडाची झावळ पडून वायर ताणली गेली आहे. ते काम कंपनीच्या माणसाचं. फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला दोष घरातच वाटतो, म्हणून पुढचं सगळं ते धरून लिहितो.

जुन्या जांभ्याची भिंत दीड ते दोन फूट जाड असते. जांभ्यात लोह भरपूर आणि दगड सच्छिद्र. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो दगड पाणी पिऊन बसतो. वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं. त्यामुळे तीच भिंत मे महिन्यात थोडंफार सोडते आणि जुलैत जवळजवळ काहीच नाही. तुम्ही आत्ता कोरड्या दिवसांत मोजून समाधानी झालात, तर आषाढात परत माझ्याकडे याल. शिवाय ओटीवरून मागच्या खोलीत लहर सरळ जात नाही, तिरकी जाते. दोन फुटांची भिंत तिरकी ओलांडायची तर तीन फूट दगडातून जावं लागतं, आणि अशा भिंती तुमच्याकडे निदान दोन आहेत. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण तो पहिल्याच भिंतीत संपतो. २.४ चा पट्टा कसाबसा पोचतो. तुम्हाला मिळणारे दोन-तीन एमबीपीएस ते हेच.

रिपीटरने का भागलं नाही तेही यातूनच कळतं. निरोप्यालाच नीट ऐकू येत नसेल तर तो मोठ्याने ओरडून काय उपयोग? तुम्ही रिपीटर मागच्या खोलीत लावला असणार, म्हणजे जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे. फोनवरच्या काड्या फोन ते रिपीटर एवढंच अंतर सांगतात, रिपीटर ते ओएनटी या टप्प्याबद्दल त्या काही सांगत नाहीत. स्वस्त रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, म्हणून वेग आणखी अर्धा होतो. मेश संच याहून हुशार असतो, मान्य. पण वायरशिवाय लावला तर त्याच्या डब्यांनाही त्याच भिंतीतून एकमेकांशी बोलायचं असतं. खोक्यावर लिहिलेले ‘इतके हजार चौरस फूट’ हे आकडे आपल्या भिंती बघून काढलेले नसतात.

आता भिंतीला हात न लावता आत कसं जायचं?

कौलारू घराची एक सोय स्लॅबच्या घरात नसते. बहुतेक घरांत आतल्या भिंती माळ्याच्या उंचीवर थांबतात आणि वर कौलांखाली सगळी पोकळी एक असते. ओटीच्या डोक्यावरून निघून माजघरावरून मागच्या खोलीच्या डोक्यावर जाता येतं आणि मधे एकही भिंत लागत नाही. मी अशा घरात गेलो की आधी शिडी मागतो. माळ्यावर चढून बॅटरी फिरवली की निम्म्या वेळा रस्ता समोर दिसतो. केबल ओटीच्या कोपऱ्यातून पीव्हीसी पट्टीत वर न्यायची, माळ्याच्या जिन्याच्या तोंडातून किंवा फळ्यांमधल्या फटीतून वर काढायची, तुळईच्या कडेने न्यायची, भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे टाकायची आणि मागच्या खोलीत फळीच्या फटीतून खाली सोडायची.

हे घरावर अवलंबून आहे. काही घरांत मधली भिंत थेट आढ्यापर्यंत चढवलेली असते. तिथे एखादा झरोका किंवा माळ्यावरचं छोटं दार सापडतं का बघा. काहीच नसेल तर एकच भोक पाडावं लागेल, पण तेही माळ्यावर, जिथे कोणाला दिसणार नाही. चिऱ्यात पाडू नका, दोन चिऱ्यांमधल्या दरजेत पाडा. जुनी दरज चुन्याची किंवा मातीची असते, म्हणून ड्रिलचा हॅमर बंद ठेवून बिट नुसतं फिरवत न्या. हॅमर लावला की मातीची दरज आतून सुटते, आणि तुम्हाला लहानसं भोक हवं असताना मूठभर माती खाली येते. बाहेरच्या भिंतीत कधी पाडावं लागलं तर भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल, केबलीवरून घरात येणार नाही. काकांना हे शिडीवर चढवून दाखवा. घर सामाईक असेल आणि ती भिंत दुसऱ्या हिस्स्यालाही लागत असेल, तर ड्रिल काढण्याआधी त्यांनाही विचारा. नेटच्या वायरीवरून सुरू झालेली भाऊबंदकी मी पाहिली आहे, आणि ती माळ्यावरून केबल फिरवण्यापेक्षा फार महाग पडते.

माळ्यावर केबल उघडी टाकू नका. उंदीर कुरतडतात. आयएसआय शिक्क्याचा २० किंवा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घाला आणि तो तुळईच्या कुशीला क्लिपांनी बसवा. वाशांना किंवा रिपांना बांधू नका. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायला माणसं येतात, कौलं काढतात, रिप बदलतात, आणि रिपेला बांधलेली कुठलीही वायर त्यांच्या दृष्टीने अडगळ असते. पाइपात एकाऐवजी दोन केबली टाका. मेहनत तीच आणि दुसरी कधीतरी लागतेच. एक नायलॉनची दोरीही आत सोडून ठेवा. विजेच्या वायरीला समांतर जायची वेळ आली तर वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

केबल कॅट६ घ्या. अंतराची चिंता करू नका, १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट नेते आणि तुमचं घर कितीही लांब असलं तरी चाळीसच्या पुढे जाणार नाही. खरं तर कॅट५ई सुद्धा पुरली असती, पण किमतीत फार फरक नाही. फरक पडतो तो आतल्या धातूचा. बाजारात स्वस्तातली जी कॅट६ मिळते तिच्या तारा ॲल्युमिनियमच्या आणि वर तांब्याचा मुलामा असतो, खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ लिहिलेलं असतं. दमट हवेत तिची टोकं खराब होतात, वाकवली की तार तुटते, आणि पीओईने, म्हणजे नेटच्याच केबलीतून, वीज पाठवली तर तापते. दुकानात एक तार सोलून मागा आणि नखाने किंवा ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. शुद्ध तांब्याची केबल जवळजवळ दुप्पट महाग पडते. इथे पैसे वाचवू नका, हवं तर राउटर स्वस्तातला घ्या. राउटर पाच वर्षांनी बदलाल, केबल बदलायला मात्र पुन्हा माळ्यावर चढावं लागेल.

दोन्ही टोकांना प्लग क्रिम्प करण्यापेक्षा (चिमट्याने दाबून बसवण्यापेक्षा) भिंतीवर आयओ बॉक्स, म्हणजे लॅनचं सॉकेट, बसवा आणि तिथून तयार पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल, लावा. भिंतीतून जाणाऱ्या केबलीच्या तारा भरीव असतात, सारख्या हलवल्या तर तुटतात. पंचिंग टूलने आयओत तारा बसवणं नवख्यालाही क्रिम्पिंगपेक्षा सोपं जातं. रंगांचा क्रम ‘बी’ पद्धतीचा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना एकच क्रम, एवढं पाळलं की झालं. शेवटपर्यंत जोड्यांचा पीळ सोडू नका आणि टोकाला मीटरभर केबल जास्तीची गुंडाळून ठेवा. साधा लॅन टेस्टर शे-दोनशेत मिळतो, त्याचे आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. मग लॅपटॉप लावून लिंकचा वेग बघा. १००० ऐवजी १०० दिसला तर एखादी तार बसलेली नाही. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, म्हणून काम चालल्यासारखं दिसतं आणि दोष लपून राहतो.

केबल पाइपात घालण्याआधी मी एक गोष्ट करतो आणि तुम्हीही करा. केबल नुसती जमिनीवरून उंबरठे ओलांडत मागच्या खोलीत न्या, तिथे घरातलाच एखादा जुना राउटर लावा आणि दोन दिवस तसंच काम करा. घरातले वैतागतील, पण डबा नेमका कुठे ठेवायचा हे त्यातून कळतं. फोनवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं कुठलंही फुकट ॲप चालेल. बसायच्या जागी उणे ६५ किंवा त्याहून बरं मिळालं तर मीटिंगला त्रास होणार नाही. उणे ७५ च्या खाली गेलं की तुटायला लागतं.

ॲक्सेस पॉइंट म्हणून वेगळं महागडं यंत्र घेतलंच पाहिजे असं नाही. ड्युअल बँड (२.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे असलेला), गिगाबिट पोर्टचा कुठलाही बरा राउटर ‘एपी मोड’मध्ये टाकला की तो ॲक्सेस पॉइंट होतो. खोक्यावर १०/१०० लिहिलेला घेऊ नका, १०/१००/१००० बघा. एपी मोडची सोय नसेल तर त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्या आणि केबल वॅनमध्ये नाही, लॅनच्या पोर्टमध्ये लावा. हे न करता दुसरा राउटर तसाच जोडला तर घरात दोन नेटवर्कं तयार होतात, मग ओटीवरचा प्रिंटर मागच्या खोलीतून दिसत नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवा. २.४ चे चॅनल मात्र वेगळे द्या, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ च्या पट्ट्यात ८० ठेवायला हरकत नाही, गावात शेजाऱ्याचं वायफाय तुमच्यापर्यंत पोचत नाही.

डबा माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेत कौलांखाली भट्टी असते आणि पावसात कुठलं कौल गळेल सांगता येत नाही. तो माळ्याच्या फळ्यांना खालून, खोलीच्या छताशी लावा. फळी आणि कौल यांतून लहर सहज जाते, त्यामुळे ती वर चढून भिंतीच्या माथ्यावरून शेजारच्या खोलीतही उतरते. स्वयंपाकघर त्याच डब्यावर भागेल अशी शक्यता मोठी आहे. अपवाद पत्र्याचा. मागच्या पडवीवर कौलं काढून पत्रे टाकले असतील तर तिकडे या मार्गाने काही मिळणार नाही. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा त्यावरही डबा नको.

त्या छताशी विजेचा पॉइंट नसेल, आणि नसलेलाच बरा. सुक्या लाकडाच्या माळ्यावर २३० व्होल्टची नवी वायर खेळवण्यापेक्षा पीओई वापरा. लॅनच्या त्याच केबलीतून ४८ व्होल्टने वीज वर जाते, ॲडॉप्टर खाली ओएनटीजवळ राहतो. यासाठी पीओईवर चालणारा ॲक्सेस पॉइंट घ्यावा लागतो, साधा राउटर चालत नाही, म्हणजे खर्च थोडा वाढतो. मला तो पटतो, कारण मग बॅकअपही एकाच जागी द्यावा लागतो.

बॅकअपबद्दल: इन्व्हर्टर असला तरी लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात बरेच ओएनटी बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटं जातात. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मधे लावला की हे थांबतं. घेण्याआधी ओएनटीच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा, यूपीएसचे ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त हवेत. जीपीऑनच्या लाइनला एक्स्चेंज ते घर यात कुठेही वीज लागत नाही, म्हणून तिकडचा बॅकअप शाबूत असेल तोवर नेट चालतं. पण स्थानिक केबलवाल्याने मधे विजेवर चालणारे स्विच टाकले असतील तर गावाची लाइट गेली की तुमचंही नेट जातं, घरात कितीही बॅटऱ्या असल्या तरी. एकदा लाइट गेलेली असताना तपासून बघा, म्हणजे कळेल.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि जिने कोकणात माझ्या गिऱ्हाइकांचे सगळ्यात जास्त डबे मारले आहेत, ती वीज. आकाशातली आणि खांबावरची दोन्ही.

वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आणि परत ऑक्टोबरात, वीज कडाडते. ती घरावरच पडावी लागत नाही. शेजारच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, पडली तरी लांबच लांब धातूच्या तारांमध्ये क्षणभर मोठा दाब तयार होतो. घरात अशा तारा कुठल्या? विजेची लाइन, लॅनची केबल, डिशची वायर. जे यंत्र दोन वेगळ्या तारांच्या मधे बसलेलं असतं त्याच्यातून तो दाब वाट काढतो. म्हणून वीज झाल्यावर नेहमी एकच चित्र दिसतं: ओएनटीचे दिवे लागतात, वायफाय चालतं, पण लॅनचे पोर्ट मेलेले. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या काळ्या ड्रॉप वायरमध्ये ताण झेलायला बहुधा पोलादी तार असते आणि ती वीज वाहते. ती तार ओएनटीपर्यंत आत आणलेली असेल तर घराबाहेरच, भिंतीच्या आधी, फायबरपासून वेगळी करून तिथेच संपवायला सांगा. काचेचा धागा तेवढा आत यावा.

जुन्या घरात अर्थिंग हा बहुतेक वेळा समज असतो. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, तिच्यावर नंतर बसवलेलं तीन पिनांचं सॉकेट, आणि वरच्या भोकाला मागे काहीही जोडलेलं नाही. जांभ्याच्या जमिनीत आणखी एक अडचण: पावसात अर्थिंग ठीक असतं आणि एप्रिलमध्ये, नेमकी गरज असते तेव्हा, जमीन सुकून त्याचा रोध वाढलेला असतो. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं लागतं, हे जुन्या माणसांना ठाऊक असतं, नव्यांना नाही. न्हाणीचं सांडपाणी जिथे जातं त्याच्या आसपास खड्डा घेतला तर हा प्रश्न पुष्कळ सुटतो.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, कितीही हौस असली तरी. त्याला तीन गोष्टी सांगा: अर्थिंग टेस्टरने मोजून आकडा दाखव, मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसव, आणि टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर म्हणजे एसपीडी लाव. क्रम हाच. अर्थिंग नसताना लावलेला एसपीडी बराचसा शोभेचा असतो. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी सारखी पडायला लागली तर वायरमन ती काढून टाकायला निघेल. काढू देऊ नका. ती पडते म्हणजे कुठेतरी ओल लागून गळती आहे, ती शोधायची.

हे सगळं करूनही जवळ पडलेल्या विजेपुढे खात्रीचा उपाय एकच: पिन उपटणं. नुसता मेन बंद करून भागत नाही. ॲडॉप्टरची पिन काढा आणि लॅनची केबलही काढा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज होत असल्याचा इशारा देतं, ते घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका. तेव्हा डबा जळला तर जळू दे.

मांगराचं उत्तर याच्यातूनच येतं. घरापासून मांगरापर्यंत तांब्याची लॅन केबल टाकू नका. अंतर चाळीस-पन्नास मीटर असेल, केबल पोचेलही, पण दोन वेगळ्या इमारतींना जोडणारी लांब तांब्याची तार म्हणजे आकाशातल्या विजेला दिलेलं आमंत्रण. तिथे फायबर टाका. दोन्ही टोकं लावून तयार केलेली केबल हव्या त्या लांबीची मागवता येते, आतली ताणाची तार पोलादी नसलेली, म्हणजे एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकची) मागा. दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे डबे, लावायचे. एका धाग्यावर चालणारी जोडी घेतलीत तर एक ‘ए’ आणि एक ‘बी’ लागतो, दोन ‘ए’ एकमेकांशी बोलत नाहीत. कनेक्टरचा रंगही बघा: ओएनटीकडचा हिरवा असतो, मीडिया कन्व्हर्टरचा बहुधा निळा, दोघांच्या टोकांचा छेद वेगळा असतो आणि ते एकमेकांत घालायचे नसतात. केबल बागेच्या पाण्यासाठी वापरतात त्या काळ्या एचडीपीई पाइपात घालून पुरा, माडांच्या आळ्यांपासून दूर. वरून झाडाझाडांवरून नेलीत तर वानरं तिच्यावर झोके घेतील.

विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टर तुमच्यासारख्या घरात मी सुचवत नाही. वायरिंग तीन पिढ्यांत तुकड्यातुकड्याने झालेली असते, अर्धी इन्व्हर्टरवर, अर्धी नाही, आणि पंपाची मोटर सुरू झाली की सिग्नल गेला. स्मार्ट बल्ब, कॅमेरे वगैरे हवे असतील तर ते नंतर. ते बहुधा २.४ वरच चालतात, एवढं लक्षात ठेवून तो पट्टा बंद करू नका.

आणखी एक शक्यता उरते, आणि ती तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे. काही जण थोडे पैसे घेऊन ओएनटीच हलवून देतात. तो ओटीवरून माजघरात, माळ्याच्या फळीखाली आला तर कदाचित ॲक्सेस पॉइंटशिवायही भागेल. विचारून बघा. हलवलं तर धागा कोपऱ्यावर करकचून वळवू देऊ नका आणि पोलादी तारेचं वर सांगितलेलं विसरू नका.

मला आता चार गोष्टी कळवा: मागच्या खोलीत बसल्या जागी सिग्नल किती डीबीएम येतो, ओएनटीचा आरएक्स पॉवर किती, मधल्या भिंती माळ्याला थांबतात की आढ्यापर्यंत जातात, आणि ओटीच्या कोपऱ्यापासून माळ्यावरून मागच्या खोलीपर्यंत सुतळी लावून मोजलेलं अंतर. सुतळी तुळईच्या कडेने, केबल जाणार तशीच लावा, हवेतून सरळ नको. त्यावरून केबल किती मीटर आणि पाइप किती लागेल ते सांगतो.